अंधारी खोली आणि काचेच्या विटा
सिमेंटचा मसाला न वापरता घरच्या घरी बसवलेली उजेडाची खिडकी

‘घर पाहावे बांधून’ असे जुने लोक म्हणत. आम्हा चाळकऱ्यांच्या नशिबी घर बांधणे कुठले? आहे त्या दोन खोल्या राहण्याजोग्या करता आल्या तरी पुष्कळ. त्या खटपटीत एक काम आम्ही घरच्यांनी मिळून केले. त्यात दोन चुका केल्या आणि त्या निस्तरल्याही. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशीच एखादी अंधारी खोली असेल, म्हणून तो अनुभव सविस्तर लिहीत आहोत.

आमची चाळ बैठी आहे. पुढची खोली दाराच्या उजेडाने बरी, पण मागची खोली म्हणजे भर दुपारी रात्र. तिथे ओटा, तिथेच मोरी आणि एका कोपऱ्यात मुलीचे अभ्यासाचे टेबल. मागच्या भिंतीत छताजवळ नऊ इंचांची सिमेंटची जाळी होती. हवा म्हणा, उजेड म्हणा, तेवढाच. मुलगी दहावीला गेली. सकाळी आठला ट्यूबलाइट लागायची ती रात्री अकराला विझायची. वीज गेली की वही-पुस्तक घेऊन ती उंबऱ्यावर येऊन बसायची, आणि उंबऱ्यावर बसलेल्या मुलीला येणारा-जाणारा प्रत्येक जण काही ना काही विचारणारच. डोळे दुखतात असे ती सांगू लागली, तेव्हा चष्म्याचा नंबर काढून आणला. पण मूळ दुखणे खोलीचे आहे हे घरात सगळ्यांनाच कळत होते.

मग खिडकी का काढली नाही, असे कोणीही विचारील. भिंतीपलीकडे जेमतेम चार फुटांची बोळ आहे आणि बोळीपलीकडे समोरच एका आजींचे दार. आयुष्यभर सफाईचे काम करून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. दाराला लागूनच त्यांची मोरी. काही वर्षांपूर्वी आम्ही खिडकीचा विषय काढला, तेव्हा आजी कडाडल्या होत्या, “भाऊ, उजेड तुमचा, पण डोळे माझ्या दारात. मला ते नको.” त्यावरून दोन्ही घरांत सहा महिने बोलणे नव्हते. खरे सांगायचे तर त्यांचेच बरोबर होते. आपल्या घरात उजेड यावा म्हणून दुसऱ्याच्या घराची आबरू उघडी पाडण्याचा हक्क कोणालाच नाही.

काचेचे कौल आणि काचेची वीट

वाट सुचली ती गावच्या आठवणीतून. कौलारू घरात चुलीच्या वर एक कौल काचेचे असायचे. त्यातून उन्हाचा एक कवडसा थेट तव्यावर पडायचा. पाऊस आत येत नसे, बाहेरचे कोणी आत पाहत नसे, पण भाकरी भाजली की करपली ते कळायचे. तसेच काही भिंतीत करता येईल का, हे शोधताना फरशा आणि नळसामान विकणाऱ्या एका दुकानात काचेच्या विटा दिसल्या. रुग्णालयांच्या जिन्यांत आणि बँकांच्या दर्शनी भिंतींत त्या अनेकांनी पाहिल्या असतील.

ही वीट भरीव नसते. काचेच्या दोन खोलगट वाट्या तापवून तोंडाला तोंड लावून जोडलेल्या असतात. आत कोंडलेली गरम हवा थंड होताना आकसते, म्हणून आत हवेचा दाब कमी राहतो. या पोकळीमुळे साध्या एकेरी काचेपेक्षा ऊन आणि आवाज दोन्ही कमी आत येतात. काच स्वच्छ असेल तर बराचसा उजेड पलीकडे जातो. मात्र काचेवर लाटा किंवा रेघा उमटवलेल्या असतील तर पलीकडची आकृती विस्कटून जाते. म्हणजे उजेड येतो, नजर येत नाही. आम्हाला नेमके हेच हवे होते.

या विटेचा इतिहास आम्ही सवडीने वाचला. गुस्ताव्ह फाल्कोनिये नावाच्या स्विस वास्तुशिल्पीने १८८०च्या दशकात फुंकून केलेल्या पोकळ काचेच्या विटा काढल्या. पुढे पॅरिसमध्ये १९३२ च्या सुमारास एका डॉक्टरचे घर आणि दवाखाना काचेच्या विटांचा बांधला गेला. ‘काचेचे घर’ म्हणूनच ते आजही ओळखले जाते. त्याची गोष्ट चाळकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. डॉक्टरने जुनी इमारत घेतली, पण वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या भाडेकरू बाई खोली सोडायला तयार होईनात. शेवटी त्यांचा मजला वर तसाच ठेवून, खाली लोखंडी खांब देऊन, त्याखाली काचेचे घर बसवावे लागले. बाई आपल्या जागी राहिल्या आणि डॉक्टरच्या रुग्णांना पडद्याशिवाय उजेड मिळाला. शेजाऱ्याला न हलवता, न दुखवता उजेड आणता येतो, हे त्या घरावरून दिसते.

मसाला का नको?

काचेच्या विटा सहसा पांढऱ्या सिमेंटच्या मसाल्यात बसवतात. आमच्या ओळखीच्या गवंड्याने मात्र आधीच हात वर केले. त्याचे म्हणणे खरे होते. मातीची वीट मसाल्यातले पाणी पिते, म्हणून जागच्या जागी धरते. काच पाण्याचा थेंबही पीत नाही. मसाला बराच वेळ ओला राहतो, वीट घसरते, वरच्या वजनाने खालचे सांधे दबतात. म्हणून एका दिवसात थोडेच थर लावता येतात, सांध्यांत सळई घालावी लागते, आणि काचेवर उडालेला मसाला वेळीच पुसला नाही तर डाग राहतो. त्यासाठी सराईत हात लागतो.

दुसरे कारण आमच्या परिस्थितीचे. आमच्या चाळीचा पुनर्विकास होणार असे वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. मसाल्यात बसवलेली काचेची वीट काढायची म्हणजे फोडायची. बिनमसाल्याची मात्र पात्याने सांधा कापून अख्खी काढता येते आणि नव्या घरी नेता येते. पोटाला चिमटा घेऊन घेतलेली वस्तू ढिगाऱ्यात जाऊ नये, हा आमचा हिशेब.

बिनमसाल्याची रीत थोडक्यात अशी. लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची चौकट करायची. तिच्यात विटा एकीवर एक रचायच्या. दोन विटांमध्ये सारखे अंतर राहावे म्हणून प्लॅस्टिकचे छोटे तुकडे, म्हणजे स्पेसर, ठेवायचे. सांधे सिलिकॉनने भरायचे. परदेशात यासाठी तयार पट्ट्यांचे संच मिळतात. आम्ही फरशीच्या दुकानात मिळणारे ३ मिलिमीटरचे स्पेसर वापरले. सिलिकॉन वाळल्यावरही रबरासारखे लवचीक राहते, त्यामुळे चौकट थोडी हलली तरी काचेवर ताण येत नाही.

आधी माणसे, मग हातोडा

कामाला लागण्यापूर्वी आम्ही तीन जणांना विचारले.

पहिल्या आजी. एक वीट नमुना म्हणून विकत आणली आणि त्यांच्या दारात जाऊन विटेच्या मागे हात धरला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले. “हात हाय का पाय, काय बी कळंना,” म्हणाल्या. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. “राती आतला दिवा लागल्यावर काय दिसंल?” असा प्रश्न त्यांनी टाकला, तो आमच्या ध्यानातच आला नव्हता. रात्री वीट दिव्यासमोर धरून पुन्हा दाखवली. साध्या काचेच्या विटेतून माणसाची सावली कळत होती, लाटांच्या विटेतून नुसता उजेडाचा गोळा दिसत होता. म्हणून लाटांच्या विटा ठरल्या. ही निवड खरे तर आजींची.

दुसरे चाळमालक. त्यांच्याकडून लेखी संमती घेतली. जिथे सोसायटी असेल तिथे सोसायटीची, आणि बाहेरची भिंत फोडायची असेल तर पालिकेच्या नियमांची चौकशी करावी. तोंडी ‘करा हो’ वर विसंबू नये.

तिसरा गवंडी. काचेची वीट वरचा भार घेत नाही, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. भिंतीत भोक पाडले की वरच्या विटांना आधार लिंटेलचाच हवा. आमची भिंत साडेचार इंची, वर फक्त पत्र्याचे छप्पर, तेही आडव्या वाशांवर. तरीही गवंड्याने आधी वरची खाच कोरून तयार सिमेंटची लिंटेल बसवली, ती पक्की होऊ दिली आणि मगच खालचा भाग काढला. तीस इंच रुंदीच्या भोकावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच टेकू, अशी साडेतीन फुटांची लिंटेल लागली. हे काम गवंड्याचेच. इथे पैसे वाचवू नयेत. खोलीवर मजला असेल, भिंत खांब-तुळईच्या भाराची असेल, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय एक वीटही हलवू नये.

पहिली चूक : आठ इंच की साडेसात?

आता आमच्या शहाणपणाची गोष्ट. दुकानदार या विटेला ‘आठ बाय आठ’ म्हणतो. आम्ही सुताराला तोच आकडा सांगितला. तीन विटा रुंद आणि चार विटा उंच, म्हणजे आत २४ बाय ३२ इंचांची चौकट. सुताराने चौकट चोख केली, गवंड्याने लोखंडी होल्डफास्ट ठोकून ती भिंतीत पक्की बसवली. मग विटा आल्या. मोजून पाहतो तर वीट १९० मिलिमीटरची, म्हणजे साडेसात इंचांची! मसाल्याचा १० मिलिमीटरचा सांधा धरला की तिचे २०० मिलिमीटर, म्हणजे साधारण आठ इंच होतात. आमच्या कामात मसालाच नव्हता.

वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर आकडेमोड करणारा कारकून, त्याचा हा हिशेब! मुलीने त्याच दिवशी कागदावर मांडून दाखवला, तो असा :

रुंदी : तीन विटांचे ५७०, मधल्या दोन सांध्यांचे ६, दोन्ही कडांना ५-५ मोकळी जागा, एकूण ५८६ मिलिमीटर, म्हणजे तेवीस इंच.

उंची : चार विटांचे ७६०, मधल्या तीन सांध्यांचे ९, तळाच्या रबराचे ३, डोक्यावर १० मोकळी जागा, एकूण ७८२ मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत तीस इंच सहा सूत.

चौकट रुंदीला २४ आणि उंचीला ३१ मिलिमीटर मोठी झाली होती. काचेची वीट कापता येत नाही, तासता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. चुकेल ते चौकटीनेच भरून द्यायचे. सुताराने दोन्ही बाजूंना १२-१२ मिलिमीटरच्या आणि तळाला ३० मिलिमीटरची पट्टी स्क्रूने बसवली. काम निभावले, पण वेळ आणि पैसा गेला. म्हणून नियम एकच. आधी विटा विकत घ्याव्यात, स्पेसरसह जमिनीवर मांडून मोजाव्यात, मग सुताराला बोलवावे. आणि एक वीट जास्त घ्यावी.

लागणारे साहित्य

बारा विटा आणि एक जादा. चौकट साडेचार इंच रुंद लाकडाची, कारण वीट ८० मिलिमीटर जाड आणि तिच्या आत-बाहेर प्रत्येकी पाऊण इंचाच्या आतली बीडिंग पट्टी मावली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या बीडिंग पट्ट्या. ३ मिलिमीटरचे स्पेसर. तळाला कडक रबराचे ३ मिलिमीटर जाडीचे तुकडे. वर आणि बाजूंना भरायला फोमची पट्टी. सिलिकॉनच्या पाच नळ्या (आम्हाला चार पुरल्या) आणि ते दाबायची गन. मास्किंग टेप, स्पिरिट, सुती फडकी, पाणसळ, ओळंबा.

सिलिकॉन घेताना ‘न्यूट्रल’ प्रकारचे मागावे. स्वस्त सिलिकॉनला वाळताना शिरक्यासारखा आंबूस वास येतो. ते आम्लधर्मी असते, सिमेंटला नीट धरत नाही आणि काही धातूंना गंज आणते. नळीवरची मुदतही वाचून घ्यावी.

विटा घेताना प्रत्येक वीट उजेडात धरून पाहावी. आत पाण्याचा थेंब किंवा वाफ दिसली तर जोड फुटला आहे असे समजावे आणि ती वीट परत करावी. काही विटांच्या कडांना मसाला धरावा म्हणून खरबरीत लेप दिलेला असतो. सिलिकॉन त्या लेपाला नव्हे, काचेला चिकटले पाहिजे. आम्ही आधी दोन विटा चिकटवून ठेवल्या आणि तीन दिवसांनी ओढून पाहिल्या. हलल्या नाहीत, तेव्हा पुढे गेलो.

कामाचा रविवार

चौकटीला आधीच तेलरंगाचे दोन हात दिले होते आणि ते पूर्ण वाळू दिले होते. ओल्या रंगावर किंवा दमट लाकडावर सिलिकॉन धरत नाही. चौकट काटकोनात आहे का हे पाहायला दोन्ही कर्ण मोजले. सारखे भरले म्हणजे चौकट खरी.

बाहेरच्या बाजूची बीडिंग पट्टी आधी स्क्रूने पक्की केली. मग सिलिकॉन न लावता सगळ्या बारा विटा स्पेसरसह एकदा कोरड्या रचून पाहिल्या. ही रंगीत तालीम टाळू नये. कुठली वीट केसभर मोठी, कुठली लहान, ते इथेच कळते. प्रत्येक विटेवर टेपचा तुकडा लावून आकडा लिहिला आणि उलट क्रमाने उतरवल्या.

त्यानंतर विटांच्या कडा स्पिरिटने पुसल्या. पुसलेल्या कडेला पुन्हा बोट लावायचे नाही, बोटाचे तेलही नडते. प्रत्येक विटेखाली येतील असे रबराचे दोन-दोन तुकडे तळाला ठेवले, त्यांच्यामधल्या जागेत सिलिकॉनची धार सोडली आणि कोपऱ्यापासून पहिली वीट बसवली. तिच्या बाजूच्या कडेवर पुढे-मागे सिलिकॉनच्या दोन धारा, वर-खाली स्पेसर, मग दुसरी वीट, मग तिसरी. एक थर झाला की पाणसळ लावायची. थराच्या डोक्यावर पुन्हा स्पेसर आणि सिलिकॉन, त्यावर पुढचा थर. वजन स्पेसरवर येते, म्हणून मसाल्यासारखे सांधे दबत नाहीत आणि चारही थर एकाच दिवशी लावता येतात. एका विटेचे वजन अडीच किलोच्या आसपास, म्हणजे सगळी खिडकी तीस किलोच्या घरात जाते. वीट दोन्ही हातांनी धरावी, अंगठी-बांगडी काढून ठेवावी, लहान मुलांना पुढच्या खोलीत बसवावे.

आमच्याकडे मुलगी स्पेसर लावत होती, आमची मंडळी कडा पुसून विटा देत होती आणि आम्ही रचत होतो. चौथ्या थराच्या वर दहा मिलिमीटर फट राहिली. ती मुद्दाम ठेवायची असते. उन्हाने लाकूड-काच फुगली, लिंटेल किंचित झुकली, तरी काचेवर दाब येता कामा नये. तिथे लाकडाचा तुकडा ठोकून घट्ट करण्याचा मोह होतो, तो टाळावा. फोमची पट्टी घालून वर सिलिकॉन भरावे. शेवटी आतली बीडिंग पट्टी स्क्रूने बसवावी. काचेजवळ हातोडी आणि खिळा नको.

सांध्यांचे तोंड दुसऱ्या दिवशी भरले. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मध्ये सिलिकॉनची सलग धार, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच फिरवून ती गुळगुळीत करायची आणि साय धरण्याआधी टेप ओढून काढायची. साय दहा-वीस मिनिटांत धरते, म्हणून एका वेळी हातभर सांधाच घ्यावा. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने वाळते आणि दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच आत मुरते. आठवडाभर खिडकीला धक्का लावू नये, पाणी मारू नये. बाहेरच्या बाजूने चौकट आणि भिंत यांच्यातली फट नीट बुजवावी आणि खालची कड बाहेरच्या उताराची करावी, नाहीतर पावसाचे पाणी लाकडात मुरते. पावसाचा थेट मार असेल तिथे ॲल्युमिनियमची चौकट बरी.

दुसरी चूक : हवा विसरलो

सोमवारी सकाळी मागच्या खोलीत प्रथमच ट्यूब न लावता चहा झाला. सगळे खूश. पण चार-पाच दिवसांत खोलीत वाफ कोंडू लागली, फोडणीचा धूर जाईना, भिंतीवर ओल दिसू लागली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जुनी नऊ इंची जाळी होती ती या नव्या भोकातच गेली होती! काचेची भिंत उजेड देते, हवा देत नाही. ओट्याच्या खोलीत गॅस पेटतो, तिथली हवेची एकुलती एक वाट आम्ही उजेडाच्या नादात बुजवली होती. ही गैरसोय नव्हती, हा सरळ धोका होता.

इथे बिनमसाल्याची रीत उपयोगी पडली. वरच्या थरातली कोपऱ्याची वीट काढायची ठरवले. वरची आणि बाजूची आतली बीडिंग पट्टी सोडवली, पातळ पात्याने दोन्ही बाजूंनी सिलिकॉन कापले, आतल्या सांध्यांत मासे पकडायची नायलॉनची दोरी घालून करवतीसारखी ओढली. तासाभरात वीट ओरखडाही न येता हातात आली. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून त्याच मापाची, तिरक्या पट्ट्यांची आणि मच्छरजाळी लावलेली झडप करून घेतली आणि त्या जागी सिलिकॉनने बसवली. तिरक्या पट्ट्यांमुळे आजींच्या दारात पुन्हा नजर जात नाही. वीट फक्त वरच्या थरातलीच काढावी, खालची काढली तर वरचे वजन उतरेल. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून वर झडप आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये, दाराखालची फटही मोकळी असावी.

तात्पर्य, खिडकी आखतानाच एका विटेची जागा हवेसाठी राखून ठेवावी. मोरी-न्हाणीघरासाठी काचेच्या विटा उत्तम, पण तिथेही झडप हवीच. आणि घरात एकच उघडणारी खिडकी असेल तर तिच्या जागी काचेच्या विटा कधीही लावू नयेत. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. उंच मजल्यावर बाहेरच्या भिंतीत हे काम स्वतः करू नये, तिथे वाऱ्याचा दाब असतो आणि खाली माणसे असतात.

खर्चाचा ताळेबंद

आमच्या खिशातून गेले ते असे. तेरा विटांचे ३,२५०, चौकट आणि बीडिंग ३,६००, गवंडी आणि लिंटेल २,८००, सिलिकॉनच्या पाच नळ्यांचे १,१००, किरकोळ सामान ४५०, आणि झडपेचे ६००. एकूण ११,८०० रुपये. सुताराच्या दुरुस्तीचे ७०० वेगळे, ते आमच्या चुकीचे शुल्क. दर गावोगावी वेगळे असतात, तरी अंदाज यावा म्हणून आकडे दिले. रक्कम लहान नाही. आम्ही आठ महिने थोडे थोडे बाजूला टाकून जमवली. पण दिवसाची ट्यूब बंद झाली, आणि मुलीला अभ्यासासाठी उंबऱ्यावर बसावे लागत नाही, त्याची किंमत आकड्यात मांडता येत नाही.

देखभाल जवळजवळ नाही. ओल्या फडक्याने काच पुसावी, वर्षातून एकदा पावसाळ्यापूर्वी सांधे बोटाने दाबून पाहावेत. कुठे सुटलेले दिसले तर तेवढा तुकडा कापून काढावा, जागा स्पिरिटने पुसून नवे सिलिकॉन भरावे. जुन्यावर नवे चोपडू नये, ते धरत नाही.

बोळीतला उजेड

एक गोष्ट आम्ही आखली नव्हती. आमच्या बोळीत दिवा नव्हता. संध्याकाळी मुलगी टेबलावर दिवा लावून बसली की अकरा विटांतून तो उजेड बोळीत उतरतो. आजींना दिवस मावळल्यावर उंबरा दिसत नसे, दोनदा त्या ठेचकाळल्याही होत्या. आता त्या संध्याकाळी दारात बसून तांदूळ निवडतात. परवा मुलीने दिवा लवकर बंद केला, तर पलीकडून हाक आली, “काय गं पोरी, झोपलीस व्हय? अभ्यास झाला का?”

ज्या भिंतीवरून सहा महिने बोलणे बंद होते, त्याच भिंतीतून आता रोज विचारपूस होते.

वाचक बंधुभगिनींनो, आपली घरे लहान आहेत, ती एका दिवसात मोठी होणार नाहीत. पण अंधार हा काही घरभाड्यात लिहून दिलेला नसतो. आपल्याकडे अशी एखादी खोली असेल तर आधी शेजाऱ्याशी बोला, मग भिंत तपासून घ्या, मग विटा मोजा, आणि हवेची जागा राखून ठेवा. या चार गोष्टी याच क्रमाने केल्या, तर आमच्या दोन्ही चुका तुमच्या वाट्याला येणार नाहीत.